एक काना

शहापूरला, तहसील कचेरीच्या मागे,
झेरॉक्सवाल्याच्या पत्र्याखाली आमचं केंद्र.
पाटीवर लिहिलंय: आदिवासी न्याय सेवा, विनामूल्य.
खाली कुणीतरी खिळ्यानं कोरलंय: चहा पण.

मी इथली प्रमुख. हा शब्द अजून
नव्या चपलेसारखा चावतो.
पहिल्याच आठवड्यात फिरती खुर्ची आली.
त्याच दुपारी ठकी हिलम आली,
दारातच उकिडवी बसली.
मीही उतरले खाली.
आमच्या माणसांशी उभ्यानं बोलतो
तो भट्टीवरचा मुकादम.

तिचा सुक्र्या त्र्याण्णव दिवस आत.
फार्महाऊसच्या पंपाची तांब्याची तार.
कागदावर वय: अंदाजे.
धंदा: उंदीर पकडणे.
मी ओळखते या पोराला. विटा थापतो,
बापानं घेतलेल्या उचलीपोटी.
बाप जाऊनही तीन पावसाळे झाले.

जामीन तर केव्हाच झाला होता,
अडलं होतं जामीनदारावर:
स्थानिक, ऐपतदार, सातबारा असलेला.
मी वाडीवर बैठक घेतली.
चाळीस झोपड्या. विचारलं,
कुणाच्या नावावर काय आहे?
बराच वेळ नुसती कुत्री भुंकली.
मग म्हातारा पांग्या मुकणे म्हणाला,
माझ्या नावावर एक गुन्हा आहे.
एक बाई हसली. मग सगळेच.

आदेशाची प्रत ठकीच्या ओच्यात होती.
वाच, म्हणाली, काय लिवलंय त्यात.
टायपिस्ट घाईत असणार.
लिहिलं होतं:
आरोपीस जमीन मंजूर करण्यात येत आहे.

मी वाचलं तसंच वाचलं.
का, ते मला अजून सांगता येत नाही.

केवढी? ठकीनं विचारलं.

लगेच बोलायला हवं होतं मी.
नाही बोलले. आणि तेवढ्यात
तिनं कूड हलवला, शेवगा लावला,
कोंबड्यांचं खुराडं उगवतीला नेलं,
मोरीचं पाणी कुठं सोडायचं
यावर मनातल्या मनात जावेशी भांडली.
सगळं तोंडावर दिसत होतं तिच्या.

मग मी काना दिला.
असं व्हय, म्हणाली,
आणि प्रत होती तशी घडी केली.

पुढच्या तारखेला नवा अर्ज. मजकूर माझा,
सही दळवी वकिलांची:
जामीनदार मिळणे अशक्य, सबब
आरोपीस जातमुचलक्यावर सोडावे.
न्यायाधीशांनी चष्मा काढला, पुसला,
दीड ओळ लिहिली.
त्र्याण्णवाचे एकशे दोन झाले होते.

पायरीवर ठकीला सांगितलं,
जातमुचलक्यावर सुटला.
ती थांबली.
धरला पण जातीवर
नि सोडला पण जातीवर?
तसं नाही ग, कोर्टाची जुनी भाषा आहे,
इथं जात म्हणजे आपण स्वतः.
आपणच आपल्याला जामीन.
तिनं ते तंबाखूसारखं
गालात धरून ठेवलं थोडा वेळ.
मंग हे पयल्या दिवशी का नाय केलं?

याला कलम नाही.
मी प्रश्न फाइलला लावून ठेवलाय, तारखेसकट.

आधारवाडीच्या दारातून सुक्र्या बाहेर आला
तेव्हा संध्याकाळचे सात. हातात पिशवी,
पिशवीत गलोल, पंचनाम्यात नोंदलेली.
आईकडे न बघता म्हणाला, भूक लागली.
वडापावाचे पैसे मी दिले.
हा खर्च कुठल्या शीर्षाखाली दाखवायचा
हे ऑडिटवाले विचारतीलच.

दुरुस्त प्रत केंद्रात येऊन पडली.
ठकी न्यायला आली नाही.
तिची चुकीची प्रत प्लास्टिकमध्ये बांधून
आढ्याला टांगलीय, बियाण्याच्या कणसांशेजारी.
पोरगी सांगत होती.

या सोमवारी मात्र वाडी आली,
चाळीस घरांतली एकतीस माणसं.
खुर्ची भिंतीकडे सरकवली, सगळे खाली बसलो.
झोपडीखालच्या तुकड्याचा अर्ज,
प्रत्येकाचा वेगळा.
ठकी पहिली. अंगठा आधीच पुढे.
लिही, म्हणाली,
आणि या टायमाला काना नको.

शाईचं पॅड वाळलं होतं.
झेरॉक्सवाल्याकडून मागून आणलं.